उद्घाटनापूर्वी उघडू नये

माझे हदगावातले शेजारी, डाळमिलवाले शेषेराव यांनी जर्मनीहून यंत्र मागवलं, ही तालुक्याच्या औद्योगिक इतिहासात नोंद घेण्याजोगी घटना होती. डाळीतला खडा कॅमेऱ्यानं हेरायचा आणि हवेच्या झोतानं बाहेर उडवायचा, हे त्या यंत्राचं काम. लातूरच्या व्यापाऱ्यानं बजावलं होतं, "पुन्हा डाळीत खडा निघाला तर तुमचा माल बंद." आणि मिलचा जवळजवळ सगळा माल त्याच्याकडेच जात होता.

यंत्राची पेटी आली, त्याआधी करार आला होता. त्यात जर्मन कायदा लागू होता. घेणारा व्यापारी असेल, तर त्यानं माल हाती पडताच तपासावा, दोष विनाविलंब कळवावा. न कळवल्यास माल पसंत आहे असं मानलं जाईल. शेषेरावांनी करार देवघरात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं.

"पेटी उघडून एकदा चालवून तर बघा," त्यांची बायको तारामती म्हणाली. "आत काय हाय, काय न्हाई."

"साहेबांनी फीत कापायच्या आधी? मग साहेबांनी काय उघडलेल्या पेटीचं उद्घाटन करावं?"

हा मुद्दा बिनतोड होता. साहेब म्हणजे आमचे पुढारी. त्यांची तारीख मिळाली, पण ऐनवेळी त्यांना मुंबईहून बोलावणं आलं. मग पितृपक्ष लागला. मग साहेबांनी पक्ष बदलला, त्यामुळे निमंत्रणपत्रिका नव्यानं छापणं क्रमप्राप्त झालं. नव्या पत्रिकेत शेषेरावांच्या फोटोखाली 'आंतरराष्ट्रीय उद्योगपती' असं आलं. एक पत्रिका त्यांनी जर्मन कंपनीलाही आग्रहानं पाठवली.

दिवाळीनंतर एकदाची फीत कापली. नारळ फुटला, साहेबांनी बटण दाबलं आणि यंत्रानं डाळ व खडे यांत कसलाही भेदभाव न करता दोन्ही एकाच पोत्यात सोडले. साहेबांनी भाषणात समतेवर भर दिला. तारामतीनं पोत्यात हात घातला आणि मूठ नवऱ्यापुढे धरली. "घ्या. जर्मनीचे खडे."

नांदेडचे वकील उमाशंकर यांनी तक्रार पाठवली. कंपनीचं उत्तर अत्यंत सभ्य होतं: आपण इतके महिने काही कळवलं नाहीत, म्हणजे यंत्र पसंत पडलं. अभिनंदन.

वकिलांनी लिहिलं, दोष आतला होता, बाहेरून दिसणारा नव्हता. कंपनीनं कळवलं, मूठभर डाळ टाकली असती तर दिसला असता. वकिलांनी शेवटचा डाव टाकला: आमचे पक्षकार अगदी लहान धंदेवाले आहेत, व्यापाऱ्याचा नियम त्यांना लावू नये. कंपनीनं उत्तरादाखल ती निमंत्रणपत्रिका जोडली.

"शेषेराव, घरच्या वरणापुरतं यंत्र घेतलं असतं, तर त्याच कायद्यानं तुमची कड घेतली असती," उमाशंकर म्हणाले. "तुम्ही उद्योगपती निघालात."

"मग मिलला कुलूप लावू का? लातूरवाला फोनबी उचलून न्हाई राहिला." शेषेरावांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची मनापासून कीव आली.

"कुलूप कशाला? त्या कंपनीकडून काहीतरी शिका," वकील म्हणाले.

शेषेराव शिकले. लातूरवाल्याचा नाद सोडून त्यांनी डाळ पाकिटांत भरली. वर ठळक अक्षरांत 'जर्मन यंत्रातून काढलेली', जे शंभर टक्के खरं होतं. आणि खाली, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत, 'माल मिळताच तपासावा, नंतरची तक्रार चालणार नाही.' पाकिटं नांदेड-लातूरच्या दुकानांत धडाक्यानं खपू लागली.

परवा जेवताना माझ्या दाढेखाली खडा आला. अर्धी दाढ हातात घेऊन मी मिलवर गेलो.

"पाकीट आणलं तेव्हा डाळ ताटात पसरून बघितली व्हती का?" शेषेरावांनी आस्थेनं विचारलं.

"नाही."

"मग तुमाला पसंत हाय."

तुम्ही हसू नका. मागच्या पाकिटाचा कोपरा कापून डाळ सरळ डब्यात ओतलीत ना? मग ती तुम्हालाही पसंत आहे.