राखाडी पिल्लांची पैज

"तुझ्या एका तरी कोंबडीची झाडून सगळी पिल्लं राखाडी निघाली ना, तर भर चौकात डोकं भादरून घेईन!" सलूनवाला कुंपणावरून ओरडला.

"नाही निघाली, तर माझी मिशी तुझी!" शेजारचा पेंटर बोलून गेला आणि त्याचा हात आपोआप मिशीवर गेला. लग्नाआधीपासून तेल लावून जपलेली मिशी! पण उभा जन्म रंग कालवण्यात गेलेला. राखाडीत राखाडी ओतल्यावर निघणार काय, गुलाबी?

त्याने राखाडी कोंबडा निवडला, राखाडी कोंबड्या निवडल्या, भोवती जाळी ठोकली. डागाळ पांढरी कोंबडी मात्र बाहेर काढली. "ही रंगाची शेड बिघडवेल."

"अहो, सगळी एकाच आईची लेकरं," बायको म्हणाली. "भावाबहिणींचा संसार कसला मांडताय? पुढची पिढी मरतुकडी निघेल. बाहेरचा कोंबडा बघा."

"बाहेरचा म्हणजे सलूनवाल्याचा काळा? सगळा माल काळवंडेल!"

अंडी फुटली. एक पिल्लू राखाडी, एक काळं, एक मळकट पांढरं. दुसऱ्या कोंबडीखाली तीच तऱ्हा, तिसरीखाली तीच. पेंटर चक्रावला. जाळीला भोक शोधलं, सापडलं नाही. कोंबड्यावर संशय आला म्हणून त्याला साबण लावून घासला. रंग पक्का निघाला. कोंबडा तेवढा दिवसभर शिंकत बसला.

"रंगाखालचं अस्तर कच्चं राहिलं असेल," बायको म्हणाली.

शेवटी चौकात खुर्ची मांडली गेली. अख्खी गल्ली जमली. सलूनवाल्याने फेस लावला, वस्तरा फिरवला, डावी मिशी खलास. तेवढ्यात पेंटरची बायको टोपली घेऊन धापा टाकत आली.

"थांबा भावजी! बघा."

टोपलीत पिल्लंच पिल्लं. सगळी राखाडी.

"ही कुठली?" दोघे एकदमच म्हणाले.

"आमच्या पांढरीची. यांनी हाकलली, म्हणून मी तुमच्या अंगणात सोडली. तुमच्या काळ्या कोंबड्याशी जमलं तिचं. तुमच्या घरच्या वहिनींनीच उबवायला बसवली."

"माझ्या अंगणात? आणि मला पत्ता नाही?"

"तुम्ही दिवसभर लोकांच्या डोक्यात!"

पेंटर टोपलीत वाकून बघतच राहिला. "काळा आणि पांढरा... म्हणजे राखाडी... मग राखाडी आणि राखाडी..." त्याचं डोकं गरगरायला लागलं.

"पांढरी कोंबडी कुणाची?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"पेंटरची!" गल्ली गरजली.

सलूनवाल्याने खुर्चीकडे पाहिलं, वस्तऱ्याकडे पाहिलं. आपलं डोकं आपल्याला भादरता येत नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

अर्ध्या मिशीच्या पेंटरने त्याला खांदे धरून बसवलं, टाळूवर फेस थापला आणि लांब उभं राहून, एक डोळा मिटून, भिंत न्याहाळावी तसं डोकं न्याहाळलं.

"सावकाश रे लेका," सलूनवाला कळवळला.

"हलू नको," पेंटर म्हणाला. "आधी खरवडून घेतो."