झांजेची शेपूट

करकंबच्या एका लग्नात देवकतेमामा जिलेबी पानात तशीच टाकून पंगतीतून उठले. आम्हाला वाटलं, ठसका लागला. ते थेट स्पीकरवाल्याकडे गेले आणि त्याला म्हणाले, "गान्यात पानी घातलंय तुमी." मग खिशातून पेनड्राइव्ह काढून तेच गाणं स्वतःच्या फाईलमधून लावायला लावलं. मांडवात कुणालाच फरक कळला नाही. मामा मात्र समाधानानं परत आले आणि नवी जिलेबी मागून घेतली.

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅचला, मामा पॅकिंगला. त्याआधी वीस-बावीस वर्षं त्यांनी मागावर काढलेली. घराणं मेंढपाळांचं, माढ्याकडचं. शिक्षण बेताचंच, पण गाण्याची फाईल लहान करण्याच्या विषयात त्यांच्याशी वाद घालायची आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांची टाप नव्हती.

मला त्यांनीच समजावलं. फाईल लहान करायची तर आवाजातलं काहीतरी काढावं लागतं, आणि काय काढलं ते कानाला कळू द्यायचं नाही. "मेंढरू कातरल्यागत हाय बगा. लोकर काडायची, पर कातडं न्हाय कापायचं." किती कातरायचं ते बिटरेटच्या आकड्यावर ठरतं, आकडा लहान तेवढी कातरणी जास्त: एकशेअठ्ठावीसवर कातडं कापतं, तीनशेवीसवर फाईल फार लठ्ठ होते. मधली जागा मामा शोधत होते.

जेवणाच्या सुट्टीत ते कुणाच्याही कानात वायरी खुपसायचे. एकच गाणं दोनदा ऐकवायचे आणि पाणी कुठल्यात आहे ते विचारायचे. कँटीनच्या आचाऱ्यानं एकदा दोन्ही सारखीच आहेत म्हणून सांगितलं, तर मामा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. एकदा मी गंमत म्हणून त्यांना एकच फाईल दोनदा लावून दिली. मामांनी डोळे मिटले आणि दुसरीत पाणी शोधून काढलं. खरं सांगितल्यावर म्हणाले, मग तुमच्या वायरीत असंल.

पण या सगळ्या गाण्यांवर ते नुसता हात बसवत होते. खरी फाईल वेगळीच होती. गावाकडच्या जत्रेतलं ढोल आणि झांजेचं एक रेकॉर्डिंग, तीन-चार मिनिटांचं. झांज वाजल्यावर तिचा आवाज हवेत लांबत जातो, त्याला मामा शेपूट म्हणत. ती शेपूट तुटते, ही त्यांची तक्रार. त्यांनी आकडे बदलले, सॉफ्टवेअर बदललं, हेडफोन बदलले. शेवटी मूळ, न कातरलेल्या फाईलमध्येही ती तुटलेली निघाली, तेव्हा ते हवालदिल झाले. ही एवढीशी फाईल लहान तरी कशाला करायची, आहे तशी ठेवा की, असं मी बऱ्याचदा म्हणालो. ते विषय बदलायचे. त्यामुळे मला जास्तच कुतूहल वाटायचं.

मग कारखान्यात आरोग्य तपासणी आली. त्यात कानाची तपासणी होती. हेडफोन लावायचा आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मामा ऐटीत आत गेले. त्यांच्या मागे माझा नंबर होता, म्हणून मी दारातच उभा. सुरुवातीला त्यांचं बोट भराभर चाललं. मग थांबलं ते थांबलंच. डॉक्टरबाई बघत होत्या आणि मामा शिट्टीची वाट बघत होते.

त्यांनी पुन्हा एकदा तपासलं. मग कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे सरळ चाललेली रेघ उजवीकडे विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. बोलणं, ढोल, गाड्या, सगळं तुम्हाला ऐकू येतं, त्या म्हणाल्या. बारीक, उंच आवाज तेवढे गेलेत. मागाच्या खडखडाटानं गेलेत आणि ते परत येणार नाहीत. मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

त्यानंतर पेनड्राइव्ह कारखान्यात आला नाही. मामा गुपचूप डबा खायचे आणि खोकी बांधायला जायचे. आचाऱ्यानं स्वतःहून विचारलं, मामांचं काय बिनसलंय.

दोनेक आठवड्यांनी त्यांनी मला रविवारी घरी बोलावलं. चहा झाला. त्यांनी हेडफोन माझ्याच कानांवर चढवला आणि मूळ फाईल लावली. "तुमचं कान शाबूत हायत. शेपूट हाय तोवर बोट वर धरा."

मी बोट वर धरलं. झांज वाजली आणि तिचा आवाज लांबत, बारीक होत गेला. मी बोट खाली घेतलं तेव्हा मामा माझ्या बोटाकडे एकटक बघत होते. "एवडी लांब हाय व्हय," ते हळूच म्हणाले.

झांज कोण वाजवतंय, मी विचारलं. थोरला भाऊ, ते म्हणाले. दोन वर्षांमागं गेला. माळावर वस्ती, तिथं वहिनी एकटी राहते. तिच्या फोनात जागा नाही आणि तिथं रेंजही धड येत नाही. मोठी फाईल जातच नव्हती, आणि कापलेली झांज तिला पाठवायला मामांचं मन होत नव्हतं.

मग आम्ही बसलो. ते फाईल कातरत होते, मी बोट धरत होतो. एकशेअठ्ठावीसवर शेवटी नुसतं फसफसलं. एकशेसाठवर शेपूट थोडी आखूड. एकशेब्याण्णववर माझं बोट मूळ फाईलइतकंच वर राहिलं. खात्री म्हणून त्यांनी पाच वेळा ऐकवलं. संध्याकाळी फाईल गेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत ते माझ्याशेजारी येऊन बसले. वहिनीचा फोन आला होता, म्हणाले. झांज नीट आली का, मी विचारलं.

"झांजेचं ती कायबी बोलली न्हाय," ते म्हणाले. "सुरवातीला दादा खोकलाय, ते तिनं लई येळा ऐकलं."

मला खोकला आठवलाही नाही. तसं मी म्हणालो.

"हाय की. मला बी चांगला ऐकू येतो." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "कचरा म्हनून मी त्यो कापनारच हुतो."