व्याह्यांसमोरचा व्यायाम

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लियाव वेन-फू यांना साधी शिंक आली, तरी पँट ओली व्हायची. डॉक्टरांनी त्यांना फिजिओथेरपीला धाडलं. तिथे वजनं बांधून पाय ओढतील, असं लियावना वाटत होतं. पण तिथल्या त्साई मॅडमनी आधी नुसतंच विचारलं: चहा किती पिता, खोकताना काय होतं. मग परवानगी घेऊन पोटावर सोनोग्राफीचं यंत्र लावलं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पडद्यावर दाखवले.

"लघवी अडवताना आवळता ना, तसं आवळा. श्वास चालू ठेवा. आता सैल सोडा. हे कुठंही करा, कुणाला कळायचं नाही."

लियावनी ते मनावर घेतलं. मात्र आवळताना त्यांचा जबडाही आवळायचा आणि कपाळाला आठ्या पडायच्या, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी ताइनानच्या एका हॉटेलात मुलीच्या लग्नाची बोलणी होती. खेकड्याचा भात यायला वेळ होता. तेवढ्यात व्यायाम उरकावा, असं लियावनी ठरवलं.

मुलाचे वडील, को साहेब, म्हणाले, "दोघं आमच्याकडेच राहतील म्हणतो."

लियावनी आवळलं.

को चपापले. "म्हणजे... वेगळं राहिली तरी आमची ना नाही."

लियावनी सैल सोडलं. चेहरा उजळला.

"लग्न डिसेंबरात?"

लियावनी पुन्हा आवळलं.

"बरं, मार्चमध्ये! नाहीतर तुम्हीच सांगा!"

मुलगी यि-च्युन रडकुंडीला आली. "बाबा, तुम्हाला हे लग्नच नकोय का?"

"अहो, पाहुण्यांवर डोळे कसले वटारताय?" म्हणत बायकोने टेबलाखालून लाथ घातली. लियाव दचकले आणि त्याच क्षणी त्यांना सणसणीत शिंक आली. त्यांनी जीव खाऊन आवळलं. पँट कोरडी!

"थांबली!" ते आनंदाने ओरडले.

को साहेबांच्या हातातून जेवायच्या काड्या पडल्या. "बोलणी?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लियावनी मान खाली घालून ऑपरेशनपासून सगळं सांगितलं. मग यि-च्युनला हसू फुटलं आणि पाठोपाठ सगळेच हसत सुटले. विहीणबाई मात्र हसता हसता एकदम उठल्या आणि लगबगीने बाथरूमकडे गेल्या.

परत येऊन त्या लियावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"व्याहीबुवा, त्या मॅडम बायकांनाही तपासतात का हो?"

"तुला कशाला गं?" को साहेबांनी विचारलं.

"तुम्ही भात खा."