दर रविवारचा सिंहगड

रविवारी सकाळी सहा वाजता बूट घालून तयार बसलेले व्याही पाहून रंगनाथरावांना उठल्या उठल्याच थकवा आला. वारज्याच्या या फ्लॅटवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी गाडीने सिंहगड दाखवला होता. तोच कल्याण दरवाजा, तीच तानाजी मालुसऱ्यांची समाधी, तेच मडक्यातलं दही. आता त्यांना फक्त एक रविवार लोळून काढायचा होता.

"श्यामराव, आज काही जमायचं नाही," ते चेहरा पाडून म्हणाले. "घाटात दरड आलीय. गाड्या बंद."

संभाजीनगरहून खास गडासाठी आलेले श्यामराव क्षणभर हिरमुसले. मग म्हणाले, "चढूनच जाऊ की! तुम्ही तर दर रविवारी चढता ना?"

रंगनाथराव बूट शोधायच्या निमित्ताने खाली वाकले. लेक तनयाच्या लग्नाच्या बैठकीत, आपल्या घरातली माणसं किती काटक आहेत हे पटवताना, ही थाप त्यांनीच मारली होती. आता नाही म्हणावं तर लेकीच्या सासरी अब्रू जाणार.

"जा ना, इतकी वर्षं चढताय," त्यांच्या पत्नी वासंतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मी विहीणबाईंना तुळशीबागेत नेते. तिथे नाही ना आली दरड?"

गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून चढण सुरू झाली आणि दहाव्या मिनिटाला रंगनाथरावांना धाप लागली. ती लपवायला ते दर वळणावर थांबून इतिहास सांगू लागले. एका दगडावर त्यांनी मावळ्यांना बसवलं, दुसऱ्यावर जेवू घातलं. तिसऱ्या दगडापाशी त्यांचे मावळेही संपले. श्यामराव घामाने निथळत, भक्तिभावाने प्रत्येक दगडाला नमस्कार करत होते.

अडीच तासांनी दोघं कसेबसे गडावर पोचले आणि एका झोपडीपाशी कोसळले. तिथल्या मावशींनी ताक पुढे केलं.

"लई दमलात की! गाडी लांब लावली का? आज पार्किंग फुल्ल हाय."

श्यामरावांनी ग्लास खाली ठेवला.

"रंगनाथराव, दरड?"

"नाही आली."

"आणि दर रविवारी?"

"आज पहिल्यांदाच चढलो," रंगनाथराव म्हणाले. लाज तर वाटत होतीच, पण आणखी एक थाप मारायचं त्राण अंगात नव्हतं.

श्यामरावांनी सावकाश ताक संपवलं, मिशा पुसल्या.

"पुढच्या महिन्यात तुम्ही आमच्याकडे या," ते गोड आवाजात म्हणाले. "दौलताबाद दाखवतो. तिथे वर गाडी जातच नाही."