एकानंतर दहा

मावशीने स्वतः रचलेलं संगीत तासाभरात तिच्या सरांसमोर वाजायचं होतं, आणि सभागृहातला मोठा स्क्रीन तिची फाइल उघडायलाच तयार नव्हता. स्क्रीन जुना होता, त्याला फक्त चित्रं कळत. म्हणजे नोटेशनच्या एकेका पानाचं चित्र करणं आलं. मावशी दातांची डॉक्टर. भल्याभल्यांची अक्कलदाढ उपटेल, पण कॉम्प्युटरसमोर तिचीच दातखीळ बसायची. तिने भाचीकडे पाहिलं.

"त्यात काय एवढं," भाची म्हणाली. नोटेशनमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण सॉफ्टवेअर म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ.

मावशीने ते संगीत दोन पेशंटांच्या मधल्या फटीत बसून, वर्षानुवर्षं लिहिलं होतं. सर ते यंदाच्या मैफलीत घेणार की नाही, हे आज ठरणार होतं. सरांचं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे 'बरं', आणि ते अजून मावशीच्या वाट्याला आलं नव्हतं. शिवाय त्यांचा दंडक होता की नवी रचना वादकांनी आधी बघायची नाही. समोर पान येईल तसं वाजवायचं.

पहिल्या खेपेला सगळी पानं काळीकुट्ट आली. मागचा कागद पारदर्शक राहिला होता, त्यामुळे काळ्या पडद्यावर काळे सूर. मावशीने विचारलं, "एक्स-रे काढलास का गं?" भाचीने मागे पांढरा रंग भरला. मग सूर इतके बारीक दिसू लागले की मुंग्यांची रांग बरी. तिने चारी बाजूंच्या कडा कापल्या आणि पानं ताणून मोठी केली. कडांबरोबर कोपऱ्यातले पानांचे आकडेही गेले, पण तिकडे कोण बघतंय. ती त्या रेषांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या ठिपक्यांकडेच बघत राहिली. यातून आवाज निघतो म्हणे. तिला ते चक्क जादूटोण्यासारखं वाटलं.

दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चौघे वादक स्क्रीनकडे तोंड करून बसले, भाची बटणाशी, मावशी तिला चिकटून. सरांनी गुडघ्यावर पेन्सिलीने ठेका धरला आणि पहिलं पान सुरू झालं.

भाचीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मघाचे ते ठिपके खरंच बोलत होते.

चेलोवाल्याने मान हलवताच तिने बटण दाबलं. मावशीची नखं तिच्या मनगटात रुतली.

"कार्टे, हे दहावं आहे."

एकानंतर दहा? भाचीला घाम फुटला आणि उलगडाही झाला. कॉम्प्युटरने चित्रांच्या नावांतले आकडे अक्षरांसारखे लावले की एकाचं सगळं कुटुंब आधी येतं: एक, दहा, अकरा, बारा. बिचाऱ्या दोनाला त्यांच्या मागे उभं राहावं लागतं. पण थांबवणार कसं? चौघेही बिनघोर वाजवत होते. चार जण एकत्र चुकले की त्याला चूक म्हणत नाहीत, चाल म्हणतात.

बारावं पान संपलं. तिथे रचनाही संपत होती. वादकांनी गज खाली घेतले. सभागृहात अशी शांतता पसरली की भाचीला श्वास घ्यायची लाज वाटली. त्या गडबडीत तिच्याकडून बटण दाबलं गेलं आणि स्क्रीनवर दुसरं पान उगवलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, मुकाट्याने गज उचलले, आणि संपलेलं संगीत पुन्हा जिवंत झालं.

मावशीची पकड सैल झाली. ती आता ऐकत होती, तोंड उघडं टाकून.

शेवटी आलं नववं, ऐन वादळाचं. सूर वर गेले, आणखी वर गेले. भाचीने बटण दाबलं. पुढे पानच नव्हतं. चौघांचे गज हवेत. सरांची पेन्सिल केव्हाच थांबली होती.

सर मावशीकडे वळून म्हणाले, "शेवट आधी सांगून टाकलास, आणि मग तिथवर पोचलीच नाहीस. हे धाडस कुठून आणलंस?"

मावशीला खोटं बोलवेना. पानं चुकली, सर, असं तिने सांगून टाकलं. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मूळ क्रमाने वाजवा, एवढंच म्हणाले. भाचीने एकेरी आकड्यांच्या आधी शून्यं लावली, सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे राहिले, आणि रचना पुन्हा वाजली. नीटनेटकी होती. सातव्या पानाशी मावशी भाचीच्या कानाशी वाकली.

"काय गं, इतकं लांबलचक मीच लिहिलंय?"

वाजवणं संपलं. सर म्हणाले, "बरं." ज्या शब्दासाठी मावशी इतकी वर्षं झुरली तो तिच्या पदरात पडला, आणि तिचा चेहरा उतरला.

"मैफलीत कुठलं घेऊ?" सरांनी विचारलं.

"पहिलं."

"तू लिहिलेलं पहिलं, की आम्ही ऐकलेलं?"

"ऐकलेलं."

सर उठले, वादकांपाशी गेले आणि हळू आवाजात त्यांना सांगू लागले की शेवटी गज वर राहतील तेव्हा खाली आणायची घाई करू नका, लोकांना श्वास रोखून धरू द्या. चेलोवाल्याने विचारलं, "किती वेळ, सर?"

"ते मलाही अजून कळलेलं नाही," सर म्हणाले.