चुरीमास्तरांचं सरळ हँडल

चुरीमास्तर आमच्या घरी आले की आधी भिंतीकडे बघत आणि मग माझ्याकडे. भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो होता. मास्तर चपला काढून थेट तिकडे जात, खिशातून दोऱ्याला बांधलेला शिशाचा गोळा काढून फोटोच्या कडेला धरत आणि म्हणत, "तुमचं लग्न डावीकडे कलतंय." मग फोटो अर्ध्या बोटाने हलवून खुर्चीत बसत. बायको आत चहा टाकताना हसायची. तिचं म्हणणं, दर आठवड्याला कोणी घरी येऊन लग्न सरळ करून देत असेल तर आपण कशाला नको म्हणायचं.

मी नुकताच वसईला शास्त्र शिकवायला लागलो होतो. मास्तर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि आमच्या शेजारच्याच घरात राहत. पंचेचाळिशीचे, सहा फूट उंच आणि कुणीतरी पाठीला पट्टी बांधून दिल्यासारखे ताठ. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते हाताने रेघ ओढत, ती पट्टीने ओढल्यासारखी यायची. मागे सरकून ते स्वतःच तिच्याकडे कौतुकाने पाहत आणि वर्गाला सांगत, "रेघ बघा." हे त्यांचं पालुपद. जेवणाच्या पंगतीत पानं वाकडी मांडली असली तर भात पडायच्या आधी सगळी पंगत उठवून पुन्हा बसवायचे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी पुढे होऊन नवऱ्याच्या मुंडावळ्या सारख्या केल्या होत्या. भटजी क्षणभर थांबले, मास्तर "चालू द्या" म्हणून मागे आले.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यांतली एक मोटारसायकल आमच्याकडच्या एका केळीच्या बागायतदाराने हौसेने घेतली होती. तो तिच्यावरून दोनदा पडला आणि तिसऱ्यांदा पडण्याआधी ती मास्तरांच्या अंगणात आणून उभी करून गेला. खाकी रंगाची, दणकट, आवाजाने कोंबड्या झाडावर चढवणारी. तिचं हँडल मात्र म्हशीच्या शिंगांसारखं वर जाऊन मागे वळलेलं होतं.

मास्तर त्या गाडीवर शोभायचे. ती शिंगं बरोबर त्यांच्या हाताशी येत, त्यामुळे पाठ जराही न वाकवता ते खुर्चीत बसल्यासारखे पारनाक्यावरून जायचे. लोक बाजूला होऊन बघत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर मी गावाहून परत आलो आणि मास्तर म्हणाले की हे हँडल काढून टाकायचं आहे, तेव्हा मला नवल वाटलं. मुंबईच्या जुन्या मोटारींच्या बाजारातून त्यांनी एक सरळ हँडल आणलं होतं. गोणपाटात गुंडाळलेलं, सपाट, दोन्ही टोकांना नावापुरता बाक.

मी त्यांना समजावलं की याला हात पोचायला तुम्हाला पुढे ओणवं व्हावं लागेल. तुमच्यासारख्या माणसाला ते जमायचं नाही. मास्तरांनी ते हँडल डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरलं आणि म्हणाले, "रेघ बघा." पुढे काही विचारायची सोय राहिली नाही.

शास्त्र शिकवतो म्हणजे मला यंत्रातलं कळत असणार, अशी त्यांची समजूत होती. खरं कळायचं ते पाचूबंदरच्या धर्माला. धर्मा होड्यांचं लोखंडकाम करायचा. रविवारी सकाळी आम्ही तिघे मास्तरांच्या अंगणात सोनचाफ्याखाली जमलो. जुनी शिंगं उतरवायला तासभर गेला. नवं हँडल बसवायला गेलो तर ते नेमकं थोडं बारीक. पकडीत फिरायला लागलं. धर्माने पिशवीतून तांब्याच्या पत्र्याचा तुकडा काढला, कापला आणि हँडलाभोवती गुंडाळून पकड आवळली. तो पत्रा कुठल्या तरी मोडलेल्या होडीचा होता. टिकेल का, असं मी विचारलं.

"खाऱ्या पान्यात माझ्या बापाच्या वक्तापासून टिकला," धर्मा म्हणाला. "मास्तरांच्या हातात काय व्हनार त्याला?"

मग मास्तरांनी गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ हँडलावर ठेवली. बुडबुडा एका बाजूला गेला. पकड सैल केली, हँडल हलवलं, पुन्हा आवळली. बुडबुडा तिथेच. असं चार वेळा झाल्यावर मास्तरांना शंका आली आणि त्यांनी पाणसळ जमिनीवर ठेवली. अंगणच कलतं होतं. शहाण्या माणसाने तिथे विषय सोडला असता. आम्ही कुदळ आणली आणि मोटारसायकलीखालची जमीन सपाट केली. दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा बायकोने विचारलं की हँडल बसवताय की घराचा पाया खणताय.

दुपारी खरी अडचण निघाली. आधीचं हँडल उंच असल्यामुळे क्लचची वायर लांब होती. नव्या हँडलावरून ती बाहेर पोट काढून लोंबायला लागली. धर्मा म्हणाला की ती तशीच राहू दे. होडीच्या सुकाणूलाही दोरी बांधतात तेव्हा ढील ठेवावी लागते. मीही म्हटलं की हँडल वळतं, तेव्हा वायरला जागा हवी. पण मास्तरांना ते पोट बघवेना. त्यांनी वायर कापायला लावली. धर्माने एकदा माझ्याकडे पाहिलं, वायर कापली आणि टोकाला डाख देऊन ती पुन्हा जोडली. आता ती हँडलापासून खालपर्यंत ओळंब्यासारखी सरळ गेली होती. मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

संध्याकाळी मास्तर गाडीवर बसले. बसले म्हणजे ओणवले. त्यांची पाठ वाकलेली मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि त्यांच्याकडे बघायला मलाच संकोच वाटला. गाडी फाटकातून निघाली, डावीकडे वळली, छान गेली. पुढच्या चौकात उजवीकडे वळताना इंजिनाने मोठ्याने हंबरडा फोडला आणि गाडी होती तिथेच उभी राहिली. झालं होतं असं की हँडल उजवीकडे वळलं की डावा हात पुढे जायचा, तोकडी वायर ताणली जायची आणि क्लच आपोआप दाबला जायचा. चाकाला जोर मिळायचाच नाही.

दुसऱ्या कुणी दुसऱ्या दिवशी वायर बदलली असती. मास्तरांनी रस्ता बदलला. ते मला म्हणाले की तीन डावी वळणं म्हणजे एक उजवं वळण, ही साधी भूमिती आहे. भूमिती बरोबर होती, पण आमच्या सांडोर गावच्या वाटा भूमिती शिकलेल्या नव्हत्या. दुसऱ्या डाव्या वळणानंतर केळीच्या बागा लागत आणि तिसरं डावं वळण कॅतरिनआजीच्या अंगणातून जाई. पहिल्या दिवशी आजी ओट्यावर वाल सोलत बसली होती. मोटारसायकल एका फाटकातून आत आली, तिच्या समोरून गेली, मास्तरांनी मान लववून नमस्कार केला आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर पडले. आजीने हातातला वाल टाकून क्रूस काढला. आठवड्याभरात तिला त्याची सवय झाली. तिने अंगणातली बाकडी भिंतीकडे सरकवली आणि साडेदहाच्या सुमाराला दोन्ही फाटकं उघडी ठेवायला लागली. मास्तर गेले की ती भात चुलीवर चढवायची. कधी जाता जाता त्यांच्या हातात वांगी द्यायची, तीसुद्धा डाव्या हातात, कारण गाडीचा वेग उजव्या मुठीत होता.

शाळेत चेष्टा सुरू झाली. मुख्याध्यापकांनी विचारलं की संपावर गेलेलं ते उजवं वळण कामावर कधी येणार. मास्तर कुणावर रागावले नाहीत. महिनाभर ते डावीकडे वळत राहिले.

मग एका शनिवारी ते आमच्या घरी आले आणि भिंतीकडे न बघता खुर्चीत बसले. मला तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं. म्हणाले, "धर्माला निरोप पाठवा. वायर लांब घालायची आहे."

मी म्हटलं की ती लोंबेल.

"लोंबू दे," मास्तर म्हणाले. "अर्नाळ्याला जायचं आहे. ताराला तीन-तीन वळसे सोसणार नाहीत."

तारावहिनी म्हणजे मास्तरांची बायको. त्यांच्याबद्दल मी अजून काही सांगितलं नाही, कारण तोवर मला त्यांची फारशी ओळखच नव्हती. त्यांना मूल नव्हतं. दोन वर्षांपूर्वी विषमज्वराने त्या तीन महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. जीव वाचला, पण पायांतलं बळ गेलं. घरातल्या घरात भिंतीला धरून त्या चालत. शेजारी राहूनही मला त्या दिसायच्या फक्त मागच्या खोलीच्या खिडकीत, आणि त्या खिडकीसमोर विहिरीचा कठडा सोडला तर काही नव्हतं. आधी कशा होत्या ते बायकोने शेजारणींकडून ऐकलं होतं. मोठमोठ्याने बोलणाऱ्या, माहेरी अर्नाळ्याला पायी जाऊन येणाऱ्या. आजारानंतर त्या बोलेनाशा झाल्या होत्या.

धर्माने वायर बदलली. रविवारी सकाळी मास्तरांनी वहिनींना दोन्ही हातांवर उचलून आणलं आणि मोटारसायकलीच्या मागच्या गादीवर बसवलं. वहिनी नऊवारीत होत्या. कासोटा असल्यामुळे दोन्ही बाजूंना पाय टाकून त्या पुरुषासारख्या बसल्या. समोरच्या ओट्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मास्तर ओणवले, वहिनींनी त्यांचे खांदे धरले आणि गाडी धुरळा उडवत गेली. जाताना ती कुठेही न अडता उजवीकडे वळली.

दुपारनंतर मी सायकलवरून आगाशीला एका विद्यार्थ्याच्या वडिलांना भेटायला चाललो होतो. वाटेत एका वडाखाली ती खाकी गाडी दिसली. परतताना दोघे तिथे टेकले होते. वहिनी पारावर पाय पसरून वाळवलेल्या केळ्याचं सुकेळं खात होत्या. मास्तर त्यांच्यापासून जरा दूर उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूहळू पाठ मागे वाकवत होते. दुखत असावी. मला बघून ते घाईने ताठ झाले.

मी वहिनींना विचारलं की माहेर कसं वाटलं. एरवी मान हलवण्यापलीकडे त्या काही बोलल्या नसत्या, म्हणून मी उत्तराची वाटही पाहिली नव्हती. पण त्या सांगायला लागल्या. गास गावात कुणाचं तरी नवं घर होतंय, त्याचे वासे चढलेत. एका बागेत पानवेलींना नवीन मांडव घातलाय. अर्नाळ्याच्या वळणावर होड्यांच्या डोलकाठ्यांची टोकं आधी दिसतात आणि समुद्र मागून दिसतो, हे त्या या दोन वर्षांत विसरूनच गेल्या होत्या. मी म्हटलं, "बरंच काही दिसलं की तुम्हाला."

त्या हसल्या. "मागच्या वेळी नव्हतं दिसलं," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या सुट्टीत यांनी असंच मला बसवून नेलं होतं. घरी आल्यावर विचारलं, काय काय पाहिलंस. मी म्हटलं, तुमची पाठ पाहून आले."

मास्तर गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत होते.

वहिनी माझ्या जेमतेम खांद्यापर्यंत येतील एवढ्या. सहा फुटी ताठ माणसाच्या मागे त्या बसल्या असतील तेव्हा त्यांच्यासमोर भिंतच उभी राहिली असणार. "चिडून बोलले होते मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, खोलीतली भिंत बरी, ती हलत तरी नाही. पुन्हा नाही यायची. यांनी दुसऱ्या दिवशी मुंबई गाठली."

मी मास्तरांकडे वळलो. एवढे दिवस आम्ही सगळे त्यांना हँडलावरून छळत होतो आणि त्यांनी एका शब्दाने खुलासा केला नव्हता. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विषय बदलला. धर्माने वायर चांगली घातली आहे म्हणाले, पोट जरा सुटलंय, पण चालेल.

मी विचारलं, "पण मास्तर, तुम्हाला इतकं वाकून नीट दिसतं का?"

"मला चाकापुढचा रस्ता दिसतो," ते म्हणाले. "तेवढा पुरतो. बाकीचं ती सांगते."

उन्हं कलायला लागली होती. त्यांनी वहिनींना उचलून गादीवर बसवलं, त्यांचे पाय खालच्या दांडीवर नीट ठेवले, पदर चाकात जाणार नाही असा खोचून दिला. मग स्वतः बसले आणि हँडलाला हात लावायला जेवढं वाकावं लागत होतं त्याहून थोडे जास्तच वाकले. वहिनींनी त्यांच्या पाठीवर दोन्ही हात टेकले आणि मान वर केली. गाडी निघाली. मी सायकल धरून तिथेच उभा होतो. त्या गर्जनेतसुद्धा वहिनींचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता. उजव्या हाताला कुणाच्या तरी चिंचेला केवढ्या चिंचा लागल्यात ते त्या मास्तरांना सांगत होत्या.