रत्नामावशींचा खोडरबर

रत्नामावशी ओव्हाळ बँकेत येतात तेव्हा त्यांच्या पर्समध्ये पासबुक असतं, चष्मा असतो, डब्यात दोन भाकऱ्या असतात आणि एक खोडरबर असतो. शाळेतल्या पोरांचा असतो तसा, पांढरा, साधा. पासबुक एखाद्या वेळी विसरतील, खोडरबर नाही. तो काढून त्यांनी टेबलावर ठेवला की आमच्या लोणावळ्याच्या शाखेतल्या भलेभले खुर्चीत सरळ होऊन बसतात.

खोडरबर कशाला, ते सांगायला हवं. कर्ज घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की बँकेचा गठ्ठा समोर येतो तो पेन्सिलीच्या फुल्या मारूनच. फुली दिसेल तिथं सही करायची आणि सुटायचं. पंचवीस-तीस फुल्या असतात, वाचतो कोण? आमच्या शाखेत या फुल्या मारायचं काम माझं. कर्ज विभागात मला नऊ वर्षं झाली, तेव्हा किती मारल्या असतील याचा हिशेब मी लावत नाही. मावशी काय करतात, तर गठ्ठा पुढ्यात आला की आधी सगळ्या फुल्या खोडतात. फुंकर मारून कचरा झटकतात. मग चष्मा लावून पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात. सही कुठं करायची ते त्या ठरवणार. एकदा बचत गटाच्या कर्जासाठी अकराला बसल्या त्या चारला उठल्या. मधल्या वेळात आमच्याच बाकावर बसून भाकरी खाल्ली आणि शिपायाला अर्धी दिली.

या बाई माझ्या शेजारी आहेत. टाकवे बुद्रुकला त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक शेवगा आहे, एवढंच अंतर. लहानपणी मी त्यांच्या ओट्यावर जेवलोय, त्यांच्या हातचा मारही खाल्लाय. गावात मी त्यांचा संद्या. शाखेचा उंबरा ओलांडला की मात्र त्या ओळख ठेवत नाहीत. 'जय भीम' करून समोर बसतात आणि मला 'अधिकारी साहेब' म्हणतात. त्या दोन शब्दांत काय काय भरलेलं असतं ते मलाच ठाऊक.

मावशींनी अठ्ठावीस वर्षं सुदुंबऱ्याकडच्या एका औषध कंपनीत सलाइनच्या बाटल्या तपासल्या. काम असं, की बाटली दिव्यासमोर धरायची, उलटी करायची आणि आत काही तरंगतंय का ते पाहायचं. मागे एक फळा असतो, अर्धा काळा, अर्धा पांढरा. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा. कण दिसला की 'ही बाटली बाजूला' म्हणायचं आणि पुढची उचलायची. दिवसाला हजारो बाटल्या. चांगल्या बाटलीला काही बोलायचं नसतं, ती आपली पट्ट्यावरून पुढे जाते. त्यामुळे झालंय असं, की मावशींना नाव ठेवता येतं, कौतुक करता येत नाही. मला बँकेत नोकरी लागली तेव्हा गावानं पेढे खाल्ले. मावशींनी नेमणुकीचा कागद उजेडाकडे धरला, वाचला आणि परत दिला. "काय म्हणताय मावशी?" म्हटलं तर म्हणाल्या, "काय म्हनायचं? कायबी सापडलं न्हाई."

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातली एक भिंत अर्धी काळी, अर्धी पांढरी रंगवून घेतली. रंगारी दोनदा विचारून गेला. त्या भिंतीसमोर दूध तपासलं जातं, तूप तपासलं जातं, आळीतल्या लग्नाळू मुलामुलींचे फोटो तपासले जातात. माझ्या लग्नाआधी आईनं माझ्या होणाऱ्या बायकोला, प्रियाला, सहज म्हणून तिथं चहाला नेलं होतं. आपल्याला नेमकं त्या भिंतीपाशीच का बसवलं, हे प्रियाला दोन वर्षांनी कळलं. ती अजून बोलून दाखवते.

बँकेशी त्यांचं वाजलं ते शिलाई मशीनवरून. कर्ज लहानसं, दुसऱ्या एका बँकेचं. तेव्हा त्याही फुली दिसेल तिथं सही करत. पुढे हप्ता जरा जड वाटला म्हणून कागद काढून पाहिले, तर कर्जात एका विम्याची रक्कम मिसळलेली. विमा कुटुंबातल्या तिघांचा. मावशींचे यजमान जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. त्या थेट बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, "घरात मानूस मी येकटी. ह्यो इमा तिगांचा. बाकीचे दोगं कोन हायेत ते दावा, मला भेटायचंय त्यास्नी." समोरच्याला हसू आवरेना. मावशी हसल्या नाहीत. अकरा महिने अर्ज करत राहिल्या, बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे गेल्या आणि व्याजासकट पैसे परत आणले. त्याच आठवड्यात त्यांनी बचत गटाच्या बायकांना तिळगुळाबरोबर एकेक खोडरबर वाटला.

तेव्हापासून त्यांचा हा उद्योग चालू आहे. कुणाच्या खात्यातून न आलेल्या मेसेजचे पैसे कापले, कुणाला शिल्लक कमी म्हणून दंड लागला, की पासबुक मावशींच्या भिंतीसमोर. सतरा रुपये परत मिळवायला त्या पन्नास रुपये भाडं खर्चून आल्या आहेत. आमचा कॅशियर एकदा म्हणाला, "मावशी, सतरा रुपयांसाठी?" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "बाटली केवडी हाय ते नस्तंय बगायचं. आत काय हाय ते बगायचं." त्या रस्ता ओलांडताना दिसल्या की आमचा वॉचमन आत डोकावून नुसतं "आल्या" म्हणतो आणि कॅशियर पाणी पिऊन घेतो.

अशा बाईंच्या स्वतःच्या पासबुकावर एक जागा रिकामी होती. नॉमिनीची. पूर्वी तिथं यजमानांचं नाव होतं, ते गेल्यावर रद्द केलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही. मी चारपाच वेळा आठवण केली. दर वेळी एकच उत्तर, "तपासनी चालू हाय."

आता संगीतावहिनींचं सांगतो. ते सांगताना मला बरं वाटत नाही, पण ते गाळलं तर मावशी कळायच्या नाहीत.

संगीतावहिनी आमच्याच आळीतल्या. लोणावळ्यात एका पॉइंटवर त्यांची भुट्ट्याची आणि चहाची गाडी आहे. नव्या गाडीसाठी त्यांनी आमच्या शाखेतून कर्ज घेतलं. मार्चअखेर होती. वरून विम्याचं टार्गेट आलं होतं आणि माझे चार विमे कमी पडत होते. त्यांच्या गठ्ठ्यात मी विम्याचा अर्ज सरकवला आणि त्यावरही फुली मारली. वहिनींनी विचारलंही, "भावजी, हे समदं कर्जाचंच हाय ना?" मी म्हटलं, "कर्जाचंच." त्यांच्या पिशवीत मावशींनी वाटलेला खोडरबर होता. त्यांनी तो काढला नाही, कारण समोर मी होतो.

विम्यामुळे हप्ता वाढला. पावसाळ्यात लोणावळ्याला पाय ठेवायला जागा नसते, पण दिवाळीनंतर पॉइंटवर कुत्रंही फिरकत नाही. एक हप्ता थोडक्यात हुकला. बँकेनं दंड कापला, त्या दंडामुळे पुढचा हुकला, त्याच्या दंडामुळे तिसरा. वहिनींनी पुढे सगळं भरलं, पण तोवर नावापुढे 'थकबाकीदार' असा शिक्का बसला होता. ते कळलं कधी, तर त्यांच्या प्राजक्ताला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा. शैक्षणिक कर्जात आई जामीन. आईचा कर्जफेडीचा स्कोअर पाहून अर्ज परत आला. फी भरायला आठ दिवस उरले होते.

मावशी वहिनींना घेऊन शाखेत आल्या. पर्स उघडली, खोडरबर काढून मॅनेजर साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि कर्जाची मूळ फाइल मागितली. मॅनेजर साहेब माणूस वाईट नाही, पण बदली तोंडावर आलेली. त्यांनी मला फाइल आणायला सांगितलं आणि विम्याच्या अर्जावर बोट ठेवलं. "हे पाहा मावशी, इथं छापलंय, 'हा विमा मी माझ्या इच्छेने घेत आहे.' खाली यांची सही. आता बँक काय करणार?"

मावशींनी तो कागद उचलला आणि खिडकीपाशी नेला. उजेडासमोर धरला. सरळ धरला, तिरका धरला. नियमाप्रमाणे मी मागाहून फुल्या खोडलेल्या होत्या, पण पेन्सिल दाबून चालवायची मला सवय आहे. खोडलेल्या फुलीचा वण कागदावर राहतो. अठ्ठावीस वर्षं पाण्यातला कण शोधलेल्या डोळ्यांना तो दिसायला वेळ लागला नाही.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हितं फुली व्हती. खोडलीया. मानूस आपल्या इच्छेनं सही करतो तवा त्याला फुली कशाला लागती?"

साहेबांनी कागद घेतला, पाहिला, चष्मा वर केला. "फुली असेलही. पण ती बँकेनंच मारली कशावरून? यांच्याबरोबर आलेल्या कुणी मारली असेल."

मी दाराशी उभा होतो. माझ्या फुलीची एक रेघ दुसरीपेक्षा लांब जाते. मावशी मला गेली नऊ वर्षं चिडवत आल्या आहेत, 'अधिकारी साहेबांच्या फुलीला शेपूट हाय' म्हणून. माझ्या शेकडो फुल्या त्यांनी आपल्या हातानं खोडल्यात. ही कुणाची ते त्यांना खिडकीपाशीच कळलं असणार. त्यांनी नाव घेतलं असतं तर विषय तिथंच संपला असता. त्यांनी ते घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. वहिनी खाली मान घालून पिशवीचा बंद गुंडाळत होत्या, आणि विमा मी जाणूनबुजून सरकवला होता हे त्यांना अजूनही माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती. ती माझ्या डोळ्यांपुढे आली, खोटं कशाला सांगू? आणि मग तो प्रश्न आठवला, 'भावजी, हे समदं कर्जाचंच हाय ना?'

"साहेब," मी म्हणालो, "फुली माझी आहे. मी वहिनींना विमा आहे हे सांगितलं नव्हतं."

साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. वहिनींनी मान वर केली. त्यांची ती नजर मी विसरलेलो नाही. मावशींनी चष्मा डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "लिवून द्या, अधिकारी साहेब."

मी लिहून दिलं. त्यावर साहेबांना पत्र द्यावंच लागलं, की दंड आणि थकबाकी बँकेच्या चुकीमुळे झाली आणि नोंद दुरुस्त करत आहोत. पत्र टाइप होऊन शिक्का बसेपर्यंत मावशी बाकावरून हलल्या नाहीत. पत्राचा मसुदाही त्यांनी दोनदा परत पाठवला. सातव्या दिवशी प्राजक्ताची फी भरली गेली. विम्याचे पैसे आणि दंड महिन्याभरात परत आले आणि 'थकबाकीदार' हा शब्दही पुसला गेला. आळीत वहिनींनी भुट्ट्याची भजी वाटली. आमच्याही घरी दिली, पण स्वतः आल्या नाहीत, प्राजक्ताकडून पाठवली.

मला मेमो आला. मुलाखत पुढे ढकलली. खुलासा लिहून मी मावशींकडे गेलो, कारण दुसरं कुणाकडे जाणार? त्यांनी कागद भिंतीसमोर धरला.

"'नजरचुकीनं' काय लिवलंयस? ही बाटली बाजूला. नजर चांगली व्हती तुजी."

मी शब्द काढला.

"'कामाच्या गडबडीत.' हीबी बाजूला."

असं करता करता खुलाशात चारच ओळी उरल्या. मग म्हणाल्या, "आता टार्गेटचा कागुद जोड. तू केलंस ते तू लिव. तुला करायला कुनी लावलं तेबी जाऊ दे वर." ते मला सुचलं नव्हतं. तो कागद जोडल्यावर वरून आलेलं उत्तर बरंच मऊ होतं. आता आमच्या शाखेत विम्याचा अर्ज वेगळा दिला जातो, गठ्ठ्यात नाही. हे मावशींनी केलं, असं मी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतो आणि सांगताना माझी छाती फुगते.

परवा मावशी शाखेत आल्या. वॉचमन "आल्या" म्हणाला, कॅशियर पाणी प्यायला. त्या माझ्यासमोर बसल्या आणि नॉमिनीचा अर्ज मागितला. नाव सांगितलं प्राजक्ताचं. "नर्स हुनार हाय. सलाइन लावताना बाटली बगून लावती का, इचारलं तिला. म्हनली, मावशी, आमाला पयलं त्येच शिकीवलंय." मग म्हणाल्या, "फुल्या मार, संद्या."

शाखेत त्यांनी मला संद्या म्हटलं ते पहिल्यांदाच. मी अर्ज भरला, दोन ठिकाणी फुली मारली आणि कागद त्यांच्याकडे सरकवून खोडरबराची वाट पाहत बसलो. त्यांनी पेन उचललं आणि फुलीवर सही केली. दुसऱ्या फुलीवर दुसरी सही. चष्मा अजून पर्समध्येच होता.

"मावशी, वाचा तरी," मी म्हटलं.

"तपासनी झाली मागंच," त्या म्हणाल्या.

काही तरी करायचं म्हणून मी नियमाप्रमाणे फुल्या पुसायला रबर शोधू लागलो. मावशींनी कागदावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "कुनी मारलीया ते दिसू दे."